लसूणघासाचा पट्टा

नाटकाच्या जाहिरातीत पडदा ओढणाऱ्याचं नाव कधी छापून येत नाही. आमच्या कंपनीत तर त्याला नावच उरलं नव्हतं. सगळे त्याला 'पडदे' म्हणायचे. नव्या नटांना ते त्याचं आडनाव वाटायचं आणि तोही कुणाला दुरुस्त करत बसायचा नाही. विंगेत दोराजवळ एका लाकडी खोक्यावर तो बसलेला असे. शेवटच्या वाक्यावर प्रेक्षकांच्या छातीत जो श्वास अडकतो, तो सुटायच्या जरा आधी त्याचा पडदा खाली येई. आम्ही नट मंडळी टाळ्या आपल्याच समजून वाकत असू. त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या, हे मला कंपनी बंद पडल्यावर, घरी रिकामा बसल्यावर उमगलं.

या माणसाने उभ्या आयुष्यात पडदा कधी वेळेआधी पाडला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते त्याच्याच हातून घडलं.

त्याची सासुरवाडी खाडीकाठची. सासऱ्यांकडे ओढ्याच्या कडेने उतरत गेलेली जमीन होती आणि खाडीत एक होडी. म्हाताऱ्याने जाताना वाटणी अगदी सोपी केली. मुलीला जमीन, मुलाला खाडी. भावंडं दोघंच, आणि दोघांच्याही मनात कधी आलं नाही की आपल्याला कमी मिळालं. मधून वाहणारा ओढा मात्र म्हाताऱ्याने कुणाच्याच नावावर केला नाही. तो बहिणीच्या शेतातून निघतो आणि भावाच्या पाण्यात जाऊन मिळतो. पुढच्या सगळ्या दुःखाची वाट तीच.

कंपनी मोडली तेव्हा पडदे बायकोच्या जमिनीवर शेतकरी झाला. मीही मागोमाग त्याच गावात, धक्क्याजवळच्या एका बंद दुकानावरची खोली घेऊन राहिलो. एकट्या माणसाला कुठेतरी टेकायला हवं, आणि वहिनींच्या हातचा चहा मला माहीत होता. सकाळी दूध आणायच्या निमित्ताने जायचो तो दुपारचा परतायचो. वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमचं दूध नासतं की काय रोज रस्त्यात?"

सुरुवातीला पडदेने चारचौघांसारखीच शेती केली. गोठाभर गाई, ट्रकने येणारं पेंडीचं खाद्य, पिकाला पिशवीतलं खत. गाई दूध द्यायच्या आणि शेणाचा डोंगर गोठ्यामागे वाढत जायचा. एवढं शेण जिरवायला जमीन पुरत नव्हती. पाऊस आला की डोंगराच्या पायथ्याने काळं पाणी निघे आणि गुपचूप ओढ्याला लागे. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. ओढ्यावरच्या बाकी तिघांच्या गोठ्यांचीही तीच गत होती.

खाली खाडीत मेहुणा शिंपले वाढवायचा. रिकामी निळी पिंपं पाण्यावर तरंगत ठेवायची, त्यांना दोर लोंबकळते बांधायचे, दोरांना शिंपल्यांची पिल्लं धरतात. त्यांना कुणी खायला घालत नाही. पाण्यात जे असेल ते गाळून ती वाढतात. म्हणून जसं पाणी, तसा शिंपला. पाणी पाहायला मेहुण्याकडे एक पांढरी पत्र्याची ताटली होती, आईच्या संसारातली, कडेला टवके उडालेली. तिला भोक पाडून दोरी बांधलेली आणि दोरीला गाठी. ताटली पाण्यात सोडायची आणि कितव्या गाठीपर्यंत ती दिसते ते बघायचं. पाचव्या गाठीला दिसली तर तो शीळ घालत परतायचा. दुसऱ्या गाठीलाच हरवली तर घरी बायकोशीही बोलायचा नाही.

एका उन्हाळ्यात ताटली पहिल्याच गाठीला दिसेनाशी झाली. पाण्यावर हिरवी साय धरली होती, दुधावर धरावी तशी जाड. मग ती साय मेली, तळाला जाऊन कुजली, आणि कुजता कुजता तिने पाण्यातला सगळा श्वास खाऊन टाकला. दोरांवरचे शिंपले मेले. मासेही काठाला लागले. मेहुणा बहिणीकडे जेवायला आला आणि ताटावर बसून अगदी सहज म्हणाला, "दाजी, तुमच्या गाई फार उदार आहेत. खातात इथे आणि वाढतात माझ्याकडे."

पडदेचा घास हातातच राहिला.

तिथून तो बदलला. गाई कमी केल्या. स्वतःच्या जमिनीवरचा चारा जितक्यांना पुरेल तितक्याच ठेवल्या. ट्रकचं खाद्य बंद, पिशवीही बंद. तो मला समजावायचा, "नटवर्य, बाहेरून ट्रकभर खाद्य येतं ना, ते दुधातून थोडंच बाहेर जातं. बाकी सगळं शेणात उरतं. या जमिनीला जेवढं पचतं त्याहून जास्त आत घेतलं की उरलेलं खाडीच्या गळ्याला लागतं." शेणाच्या ढिगाखाली त्याने फरसबंदी केली, वर पेंढा, त्यावर छप्पर. शेतातलं शेतात फिरवायचं. गाईने खाल्लेलं जमिनीला द्यायचं आणि जमिनीने दिलेलं गाईला.

आणि पिशवीच्या जागी त्याने आणलं लसूणघास. गाईंचा चारा म्हणून सगळे ते ओळखतात, पण त्याची खरी कमाई जमिनीखाली असते. हवेतलं खत ओढून मुळांत साठवून ठेवायचं हा त्याचा धर्म. काही वर्षं ते तसंच उभं ठेवायचं, मग नांगरून त्या जागी भाजी लावायची. मुळं कुजतात आणि भाजीला पोटभर मिळतं. यात अट एकच. नांगर फिरला की त्या जागी लगेच काहीतरी लावलेलं हवं, साठवलेलं पिऊन घेणारं तोंड तयार हवं. नाहीतर ते सगळं सुटं होतं आणि पहिल्या वाहत्या पाण्याबरोबर निघून जातं.

मेहुण्याने दाजींच्या शब्दावर पुन्हा दोर सोडले. मात्र बहिणीसमोर त्याने स्पष्ट सांगितलं. एकदा मेलं, ते सोसलं. पुन्हा मेलं तर दोर गुंडाळून तो परमुलखातल्या गोदीवर कामाला जाईल. वहिनींना आईबाप नव्हते, मूलबाळ नव्हतं. तो एक धाकटा भाऊ, संध्याकाळी खाडीवरून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर.  त्या दिवसापासून त्या रोज त्याला एकच विचारायच्या, "दिसते?" आणि तो सांगायचा, तिसरी गाठ, किंवा चौथी.

वर्षं गेली. ओढ्यावरचे बाकीचे तिघंही हळूहळू पडदेच्या मागे आले. सगळ्यांत शेवटी वरचे आप्पा, ओढ्याच्या उगमाकडचे. ते म्हणाले होते, तू नाटकवाला, तुझं ऐकून मी माझ्या गाई विकू? मग एक दिवस गपचूप बियाणं मागायला आले. ताटली एकदा पाचव्या गाठीपर्यंत दिसली, त्या दिवशी मेहुणा शीळ घालत अंगणात शिरला आणि वहिनींनी देवापुढे दिवा लावावा तसा गॅस लावून चहा टाकला. मला वाटलं, आता या नाटकाचा शेवट गोड होणार. प्रेक्षक म्हणून मी नेहमीच भाबडा.

मग इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला आचारी आला. मोठा माणूस, शरीरानेही आणि मनानेही. बाहेरगावाहून ट्रकने येणाऱ्या कोबी-गाजराला तो वैतागला होता. म्हणाला, ओढ्यावरचे तुम्ही चौघं मिळून भाजी देणार असाल तर मी ट्रक बंद करतो. वर्षभर तुमचीच घेईन. सालपटं, देठं, उरलंसुरलं सगळं तुमच्या उकिरड्याला परत पाठवीन. फक्त वरच्या साहेबांना घेऊन एकदा जमीन बघायला येतो.

पडदे त्या रात्री झोपला नसावा. सकाळी त्याचे डोळे असे चमकत होते जसे पहिल्या प्रयोगाच्या दिवशी चमकत. दुधाला गिऱ्हाईक होतंच, आता भाजीलाही मिळालं तर चौघंही कायमचे सुटणार होते. कुणालाच पुन्हा पिशवीकडे वळावं लागलं नसतं.

पण साहेब येणार तो महिना भाजी लावायचा नव्हता. रोपं अजून वाफ्यात बोटभर होती. पट्ट्यावर उभं होतं गुडघाभर हिरवं लसूणघास, जांभळी फुलं आलेलं.

"हे बघून तो काय म्हणेल?" पडदे म्हणाला. "म्हणेल, गवतच आहे की. भाजी कुठे लावणार?"

मी म्हणालो, छान दिसतंय.

"छान दिसतंय, पण शेत दिसत नाही," तो म्हणाला. "काळी, नांगरलेली जमीन पाहिली की माणसाला कोबी दिसायला लागतो. पडदा उघडला की रंगमंच मांडलेला हवा."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. ओल्या हाताने पदर खोचत म्हणाल्या, "अहो, रोपं तयार नाहीत आणि जमीन उघडी करताय. बाबा असते तर नांगराला हात लावू दिला नसता."

"पंधरवड्यात रोपं येतील गं. आणि आभाळ कोरडं आहे."

"आभाळ तुमच्या हातातल्या दोराला बांधलेलं नाही."

तो हसला. त्या हसण्याबद्दल त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. त्याने सगळा पट्टा नांगरला. काळीभोर, ओळीने पडलेली माती, मुळांचे पांढरे धागे वर आलेले, वास असा की छातीभर ओढून घ्यावा. आचाऱ्याचा साहेब आला, बुटाने माती उकरून पाहिली आणि फार खूश होऊन गेला. बाकीच्या तिघांनीही पडदेचं बघून आपापले पट्टे नांगरले. आजवर त्याचं काही चुकलं नव्हतं, मग ते तरी का थांबतील?

रोपं वाफ्यातच मान टाकून बसली. बुडाशी काळी पडून कोलमडली, एका रात्रीत, सगळी. दुसरी पेरावी लागली. ऊन कोवळं होतं, माती उबदार होती आणि तिच्या आत लसूणघासाने वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं सुटं होत होतं. वरून काही दिसत नव्हतं. रस्त्यावरून जाणारा म्हणाला असता, काय सुंदर जमीन आहे.

आणि मग अवेळी पाऊस लागला. आडवा, न थांबणारा.

मी छत्री घेऊन पोचलो तेव्हा पडदे पट्ट्याच्या खालच्या कडेला चिखलात गुडघे टेकून पेंढ्याच्या गासड्या रचत होता. ओढ्याकडे जाणारा चर त्याला बुजवायचा होता. मीही छत्री टाकली. माझ्या वयाला ते शोभलं नाही, पण त्याच्याकडे बघत उभं राहणं त्याहून कठीण होतं. आम्ही दोघं म्हातारे भिजलेल्या गासड्या ओढत होतो आणि पाणी त्यांच्यातून, खालून, बाजूने, आरपार जात होतं. स्वच्छ दिसत होतं ते पाणी. तेच भयंकर होतं.

वहिनी डोक्यावर पोतं घेऊन आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"गाळ अडेल हो," त्या हळू म्हणाल्या. "विरघळलेलं कसं अडेल?"

तरी तो थांबला नाही. घरात होती तेवढी मोहरी आणून त्याने त्या पावसात मुठींनी उधळली. काहीतरी उगवावं, काहीतरी पिणारं मूळ धरावं म्हणून. दाणे मातीवर टिकत नव्हते. पाण्यावर तरंगत, एकमेकांच्या मागे, ओढ्याकडे जात होते. त्याच्या हातात दोर असता तर त्याने तो ओढला असता, असं माझ्या मनात आलं. पण इथे विंग नव्हती आणि पडद्याआड जायला जागा नव्हती.

पाऊस गेल्यावर ऊन पडलं, आणि त्यानंतर फक्त वाट बघणं उरलं. असं वाट बघणं मी कुठल्याच नाटकात केलेलं नाही. मेहुणा रोज ताटली सोडत होता. पडदे धक्क्यावर जाऊन त्याच्यापासून लांब उभा राहायचा. त्याने मेहुण्याला सगळं सांगून टाकलं होतं, काहीही न लपवता, पाऊस थांबला त्याच सकाळी. मेहुण्याने ऐकून घेतलं आणि होडी सोडली.

चौथी गाठ. मग तिसरी. घरात वहिनी विचारत नव्हत्या. भाऊ अंगणात येत नव्हता. एक दिवस धक्क्यावर मला पाण्याला हिरवट झाक दिसली. मी स्वतःला सांगितलं की ढगांची सावली असेल. दुसऱ्या दिवशी आभाळात ढग नव्हता. मग साय धरली.

त्या आठवड्यात पडदे जेवत नव्हता. जेवायला बसायचा, वहिनी वाढायच्या आणि तो ताटाकडे बघत राहायचा. एकदा त्याने मला विचारलं की मी कधी प्रयोगात वाक्य विसरलो होतो का. पुष्कळदा, मी म्हणालो. "मग काय करायचास?" पुढचं बोलून टाकायचो. तो म्हणाला, "इथे पुढचं काही नाहीच."

मेहुण्याने दोर वर काढले तेव्हा आम्ही तिथेच होतो. जिवंत शिंपला पाण्याबाहेर आला की पटकन मिटतो. एका दोरावर शेकडो असतात आणि मिटतानाचा तो टकटक आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. त्या दिवशी दोर वर आले आणि काहीच आवाज झाला नाही. सगळे तोंडं वासून होते. मेहुण्याने एकाला बोटाने मिटवून पाहिलं. बोट काढल्यावर तो पुन्हा उघडला.

दुपारी ढकलगाडीचा आवाज आला. मेहुणा गाडी ढकलत चढ चढून आला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. गाडीत दोरांवरून खरवडलेले शिंपले, काठोकाठ. वास दारातून आत येऊन सगळ्या घरात भरला. त्याने गाडी अंगणाच्या मधोमध उलटी केली.

"घ्या, दाजी," तो म्हणाला. "तुमचंच आहे. परत आणलंय."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. वहिनींनी उंबऱ्यावर हात टेकला. मी आयुष्यभर मोठमोठ्या शोकांतिकांत काम केलं, पण त्या अंगणात कुठे उभं राहावं ते मला कळलं नाही.

पडदे गोठ्यात गेला. मला वाटलं, लपायला गेला. तो फावडं आणि घमेलं घेऊन बाहेर आला. घमेली भरभरून त्याने ते शिंपले शेणाच्या ढिगावर नेले, थर पसरला, वर पेंढा टाकला, पुन्हा थर.  वहिनींनी दुसरं घमेलं उचललं. मेहुणा गाडीच्या दांड्याला टेकून बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पेंढा आणखी लागेल. नाहीतर माशा धरतील." पडदेने आणखी पेंढा टाकला.

त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही.

जायच्या दिवशी मेहुणा बायकोला आणि सामानाला पुढे पाठवून अंगणात आला. बहिणीच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो उचललाच नाही, शेवटी त्यालाच मान खाली काढून घ्यावी लागली. मग त्याने पिशवीतून ताटली काढली आणि दोरीसकट पडदेच्या हातात दिली.

"पाचव्या गाठीला दिसली तर कळवा," तो म्हणाला. "तोवर ताईला, मी येणार आहे, असं सांगू नका."

"राजे," पडदे म्हणाला. एरवी हा शब्द तो मेहुण्याला चिडवायला वापरायचा. 

नंतर तो ओढ्यावरच्या तिघांच्याही दारी गेला, मी बरोबर होतो. माझंच चुकलं, म्हणाला. रोप हातात असल्याशिवाय लसूणघास नांगरायचं नसतं, आणि मी नांगरलं ते दाखवायला. दोघांनी मान डोलावली. वरच्या आप्पांनी दार अर्धंच उघडलं होतं. त्यांच्या ओसरीवर पिशवीतल्या खताची थप्पी आलेली मला फटीतून दिसली. "तुझं ऐकून बघितलं," ते म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. वेळेवर भाजी न मिळाल्याने आचाऱ्याने इस्पितळाचा ट्रक चालूच ठेवला. पण पडदेची थोडी गाजरं तो स्वतः येऊन नेतो आणि सालपटं न चुकता परत आणतो. लाजल्यासारखा गाडीतून उतरतही नाही.

पट्ट्यावर पडदेने पुन्हा लसूणघास पेरलं आहे. त्याला भरायला वर्षं लागतील. खाडीला त्याहून जास्त. आम्हा दोघांचं वय बघता हा हिशोब कुणी मोठ्याने मांडत नाही.

रोज सकाळी तो धक्क्यावर येतो आणि माझ्या खोलीखालून हाक मारतो. आम्ही दोघं मेहुण्याच्या जुन्या होडीत बसून निळ्या पिंपांपर्यंत जातो. पिंपं अजून तरंगतात. वहिनींनी ती काढू दिली नाहीत. पडदे ताटली पाण्यात सोडतो. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात सुरू झाला आहे, म्हणून बघायचं काम माझं.

परवा पाणी जरा हललं आणि खाली काहीतरी पांढरं चमकल्यासारखं वाटलं. ऊन असेल. पडदे माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नटवर्य, दिसते?"

माझं उभं आयुष्य लोकांना नसलेलं दाखवण्यात गेलं. एक शब्द होता फक्त. घरी जाऊन त्याने तो वहिनींना सांगितला असता, आणि त्या माउलीने निदान एक रात्र झोप घेतली असती.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या गाठीलाच गेली."

त्याने मान डोलावली. दोरी ओढून ताटली वर घेतली, सदऱ्याने पुसली आणि दोरी तळहात-कोपराभोवती गुंडाळायला लागला. प्रयोग संपल्यावर पडद्याचा दोर गुंडाळायचा तशीच, पीळ पडू न देता, कारण उद्या पुन्हा लागणार होता. काठावर वहिनी उभ्या होत्या. आमची होडी वळली तशा त्या काही न विचारता घराकडे चालायला लागल्या.